मंडोळी रोडचं सहा वर्षांचं घर, मागणी ९२ लाख: कशाशी तोलून बघायचं?

अनगोळकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं अनगोळात भाड्याने राहतो. आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. बाबा उद्यमबागेतल्या फौंड्रीतून निवृत्त झाले, मी मच्छेला मशीन शॉपमध्ये आहे. आता स्वतःचं घर घ्यायचं ठरवलंय आणि तीन महिने रविवार उजाडला की घरं बघायची, एवढंच चाललंय.

मनात बसलेलं घर मंडोळी रोडच्या आतल्या बाजूला आहे, महापालिका हद्दीत. प्लॉट तीस-चाळीस, म्हणजे १२०० चौरस फूट. खाली-वर मिळून बांधकाम १६५० चौरस फूट, सहा वर्षांपूर्वीचं. मालक नोकरीसाठी बेंगळूरला गेलेत, घर दीड वर्ष बंद आहे. मागणी ९२ लाख.

दुसरं वडगावच्या पुढे येळ्ळूर रोडच्या बाजूला. नवं कोरं रो-हाऊस, रंगाचा वास अजून गेलेला नाही. प्लॉट वीस-चाळीस, बांधकाम १४०० चौरस फूट, किंमत ६८ लाख. तिसरं टिळकवाडीतलं चाळीस वर्षांचं जुनं घर. ते आमच्या आवाक्याबाहेरचं, पण एजंट प्रत्येक वेळी तेच पुढे करतो. "टिळकवाडीत काय दर चाललाय बगा. त्या मानानं मंडोळी रोडला ९२ म्हणजे स्वस्तच."

माझा गोंधळ इथेच आहे. आजूबाजूच्या घरांशी तुलना करायची की अख्ख्या बेळगावशी? आणि घर नवं आहे म्हणून किती जास्त मोजायचे? बाबांनी आयुष्यभर भट्टीसमोर उभं राहून साठवलेला पैसा यात जाणार आहे. चूक झाली तर ती भरून काढायला त्यांच्याकडे आता वर्षं नाहीत.

कंग्राळी खुर्द

९२ फार झाले. त्या गल्लीत शेवटचं काय विकलं गेलं आणि कितीला, ते आधी काढा. "विकणे आहे"च्या पाट्या बघून दर ठरवू नका.

पुण्यातला बेळगावकर

मी थोडं वेगळं सांगेन. गल्लीच्या पलीकडे बघा. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगाव आलं, हलग्याला सुवर्ण विधानसौध २०१२ पासून उभं आहे, विमानतळ आहे, महामार्ग आहे. शहर वाढतंय आणि उपनगरांचे दर त्याच्याबरोबर जाणारच. पाच-सात लाखांसाठी चांगलं घर सोडलंत तर दोन वर्षांनी तेच घर त्या भावात मिळणार नाही. पुण्यात माझं असंच झालं. घासाघीस करत बसलो आणि घर दुसऱ्याने नेलं.

तिसरे गेट

अनगोळकर, मी बांधकामात २२ वर्षं आहे, बँकांसाठी मूल्यांकनाची कामंही करतो. जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही "घर" म्हणून एकच आकडा बघताय, म्हणून गोंधळ होतोय. त्याचे दोन तुकडे करा: जमीन आणि बांधकाम. जमिनीचा भाव गल्लीवर ठरतो. रस्ता किती रुंद, पाणी कुठल्या दिवशी, बस किती लांब, कागद कसले, हे सगळं गल्लीगणिक बदलतं. म्हणून जमीन तोलायची ती त्याच गल्लीतल्या, फार तर पुढच्या दोन गल्ल्यांतल्या व्यवहारांशी. बांधकामाचं तसं नाही. सिमेंट, सळी, वाळू आणि गौंड्याची मजुरी टिळकवाडीत काय नि मंडोळी रोडला काय, सारखीच. तिथे शहरभरचा दर धरायला हरकत नाही. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर "दोन्ही" असं आहे, पण घराच्या वेगवेगळ्या भागांसाठी.

आता टिळकवाडीचं घर घ्या. आरसीसी बांधकामाचं आयुष्य मूल्यांकनात साधारण ६० वर्षं धरतात. चाळीस वर्षांच्या घराच्या बांधकामाची दोन तृतीयांश किंमत हिशेबातून गेलेली असते. तिथे जो पैसा मागतात तो जवळजवळ सगळा जमिनीचा: पायी गाठता येणारी शाळा, बाजार, रेल्वे स्टेशन यांचा. तुमच्या सहा वर्षांच्या घरात बांधकामाचा वाटा मोठा. ही दोन घरं "चौरस फुटाला इतके" म्हणून शेजारी शेजारी ठेवली की आकडा निघतो, अर्थ काही निघत नाही. एजंट मुद्दाम फसवतोय असंही मी म्हणणार नाही. बहुतेकांना हिशेब असाच करायची सवय आहे.

नवेपणाबद्दल. नव्या घराची पहिली पाच-सात वर्षं दुरुस्ती कमी लागते, तेवढ्यापुरता नवेपणाला पैसा द्यावा. पण रंग, मोटार, नळ, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे साठ वर्षं चालत नाही, आठ-दहा वर्षांत सगळं परत करावं लागतं. सहा वर्षांच्या घरात त्यातली बहुतेक वर्षं पहिल्या मालकाने वापरून घेतलेली असतात.

एक काम करा. त्या गल्लीत गेल्या दीड वर्षात विकला गेलेला रिकामा प्लॉट शोधा. तो मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात बांधकाम मिसळलेलं नसतं. खरेदीखतावरच्या आकड्यावर विसंबू नका. तो पुष्कळदा गाइडन्स व्हॅल्यूच्या (मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेल्या किमान दराच्या) जवळपास लिहिलेला असतो, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून गाइडन्स व्हॅल्यू वाढली तरी ती बाजारभाव नव्हे. खरा आकडा कट्ट्यावर बसूनच कळतो.

शिवारकाठ

येळ्ळूर रोडच्या रो-हाऊसबद्दल मला बोलावं लागेल, कारण आमची चार एकर वडगावच्या शिवारात आहे आणि आजोबांपासून आम्ही तिथे बासमती लावतो.

ती जमीन काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भातासाठी तिच्यासारखी जमीन नाही, पण तिच्यावर घर बांधायचं तर पाया तसा घ्यावा लागतो. नुसता मुरमाचा भराव टाकून वर घर उभं केलं की तिसऱ्या-चौथ्या वर्षी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. रंगाचा वास आहे तोवर ती दिसणार नाही. पाया किती खोल आहे आणि खाली प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीचा सळी-काँक्रीटचा पट्टा) आहे का, हे बिल्डरला विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका, नकाशा मागा.

दुसरी गोष्ट पाण्याची. बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात आमच्या शिवारात पसरतो. पूर्वी दोन दिवसांत पाणी उतरायचं. आता नाल्यात गाळ, जलपर्णी आणि काठावर भराव, त्यामुळे पीक आठवडा-आठवडा पाण्याखाली राहतं. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या बांधावरच्या पंपाच्या खोलीत पाणी शिरलं होतं. खोलीच्या भिंतीवर चिखलाची रेघ अजून आहे, माझ्या छातीला लागते. रो-हाऊसच्या आसपास अशी एखादी जुनी खोली, विहीर किंवा विजेचा खांब शोधा आणि त्याच्यावरची रेघ बघा. तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, तो हाताने उंची दाखवेल.

आणि "बायपास झाला की दर दुप्पट" असं कुणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका. हलगा-मच्छे बायपाससाठी पिकती जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात लढलेत. त्यात आमच्या घरची माणसं आहेत. त्या रस्त्याचा पैसा तुम्ही आजच्या किमतीत का भरायचा?

माहेर खानापूर

भाऊ, आकड्यांचं वर आलंच आहे, मी घराच्या आतलं सांगते. आम्ही चार वर्षांपूर्वी असंच बंद राहिलेलं घर घेतलं.

दीड वर्ष बंद म्हणजे निदान एक पूर्ण पावसाळा त्या घराने दारं-खिडक्या मिटून काढलाय. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पश्चिमेची भिंत आतून तपासा. कपाट ओढून मागे बघा. आमच्या घरात कपाटाच्या मागे खालपासून दोन हात उंचीपर्यंत रंग पापडासारखा सुटला होता, आणि दार उघडल्यावर आधी वास आला, डाग नंतर दिसला. फरशीवर रुपयाचं नाणं आपटत चाला. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खाली सिमेंट धरलेलं नाही.

टाकीचं झाकण उघडायला लावा. जमिनीखालची टाकी फुटकी असेल तर पाणी भरून एक रात्र ठेवलं की कळतं. पाण्याचा दिवस मालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा. बेळगावात काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे आणि काही ठिकाणी अजून चौथ्या-पाचव्या दिवसाची वाट बघतात. राकसकोप आणि हिडकल ही दोन्ही धरणं सगळ्या शहराची, पण नळ आपापल्या गल्लीचा. मी सकाळी सहाला जाऊन उभी राहिले होते, तेव्हा तिथल्या घागरींची रांग बघून मला जे कळलं ते एजंटने महिनाभर सांगितलं नव्हतं.

तुमच्या आई-बाबांना जिना चढवतो का तेही बघा. वयस्कर माणसांना खाली झोपायची खोली आणि खालीच संडास-बाथरूम लागतं. ते नसेल तर करून घ्यायचा खर्च आजच धरा.

कंग्राळी खुर्द

ताईंच्या घागरींच्या मुद्द्याला +१.

निपाणी रस्ता

थोडा बाजूचा प्रश्न. एवढ्या पैशात शिनोळीकडे, म्हणजे चंदगड तालुक्यात, मोठा प्लॉट घेऊन बांधावं का? सातबारा मराठीत असतो, माझ्या वडिलांना तो स्वतः वाचता येतो. इथला प्रत्येक कागद कन्नडमध्ये. दुसऱ्याने वाचून दाखवायचा आणि आपण मान हलवायची, याचं त्यांना फार वाईट वाटतं. शिवाय महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे, कर्नाटकात ती नाही.

चावडी

निपाणी रस्ता, वडिलांचं दुःख समजतं. माझ्या काकांनी कन्नड कागदावर न वाचता सही केली आणि सामाईक वाट गेली. पण शिनोळी हा वेगळा बाजार, वेगळं राज्य, वेगळा कायदा. मंडोळी रोडच्या घराची किंमत ठरवताना तो पारड्यात घालू नका. राहायचंच तिथे असेल तर स्वतंत्र विचार करा.

अनगोळकर, किमतीआधी कागद, कारण कागदांवरून जमिनीचा भाव बदलतो. मंडोळी रोडचं घर महापालिकेत आहे तर ई-आस्तीचा खाता (महापालिकेच्या मिळकत नोंदीचा ऑनलाइन उतारा) बघा, ए की बी. बी खात्यावर घरपट्टी भरता येते, पण त्याने लेआऊट कायदेशीर होत नाही. रो-हाऊस पंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या मिळकत नोंदीचा) फॉर्म ९ आणि ११ए मागा. ११बी पुढे केला तर थांबा. ११बी म्हणजे जमिनीला एनए किंवा लेआऊटची रीतसर मंजुरी नाही, आणि बँका त्यावर सहसा कर्ज देत नाहीत. दोन्ही घरांची तीस वर्षांची ईसी (बोजा प्रमाणपत्र) काढा. फॉर्म १५ आला तर त्यात व्यवहार आणि बोजे दिसतील, काहीच नसेल तर फॉर्म १६ येतो. सगळे कागद कन्नड आणि मराठी दोन्ही येणाऱ्या वकिलाकडून ओळ न ओळ वाचून घ्या. त्यांची फी या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मंजूर लेआऊटमधला प्लॉट आणि शेतातले गुंठे पाडून विकलेला प्लॉट एकाच रस्त्याला समोरासमोर असले तरी त्यांचा दर एक नसतो. तुलनेला घ्याल ते व्यवहार सारख्या कागदांचे घ्या.

अनगोळकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार घालवून हे जमवलंय.

मंडोळी रोडच्या त्याच गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. बाबांना घेऊन गेलो. दोघांच्या गप्पा उद्यमबागेवरून सुरू झाल्या आणि तासाभराने गुरुजींनी वीजबिलाच्या पाठीवर मला सगळं मांडून दिलं. गेल्या दिवाळीआधी पाच घरं सोडून तीस-चाळीसचा रिकामा प्लॉट ४० लाखांना गेला, कागद या घरासारखेच, ए खाता. त्याच सुमारास चौदा वर्षांचं, तेवढ्याच प्लॉटवरचं, १५०० चौरस फुटांचं घर ६६ लाखांना गेलं. दोन्ही घेणाऱ्यांना मी भेटलो, आकडे त्यांनी स्वतः सांगितले. बांधकामाचा दर तीन कंत्राटदारांना विचारला. मधला आकडा २१०० रुपये फूट, साहित्यासह.

पश्चिमेच्या खोलीत ओल आहे. ताई, अगदी तुम्ही लिहिलंय तशीच, कपाटामागे. झोपायची एक खोली आणि बाथरूम खालीच आहे, तो प्रश्न सुटला. पाणी तिसऱ्या दिवशी, बोअर आहे.

रो-हाऊसचा कागद ११बी निघाला. बिल्डर म्हणतो, होईल सगळं.

तिसरे गेट

उत्तम काम केलंत. आता हिशेब बघा.

आधी चौदा वर्षांच्या घरावर पद्धत तपासू. बांधकाम १५०० गुणिले २१००, म्हणजे ३१.५ लाख. ६० पैकी १४ वर्षं गेली, म्हणून सुमारे ७.३५ लाख वजा. उरले २४.१५. त्यात जमीन ४०. झाले ६४.१५ लाख. कंपाउंड, टाकी, बोअर यांचे दोनेक लाख धरा, ६६ होतात. विकलं गेलं ६६ ला. म्हणजे त्या गल्लीत माणसं याच हिशेबाने पैसे मोजतायत.

आता तुमचं घर. १६५० गुणिले २१००, ३४.६५ लाख. सहा वर्षांचे ३.४७ वजा, ३१.१८. जमीन ४०. कंपाउंड, टाकी, बोअर, सोलरचे ३ लाख. सगळं मिळून ७४ च्या थोडं वर. दिवाळीपासून जमीन थोडी चढली असेल म्हणून दोन-तीन लाख द्या, ओलीच्या दुरुस्तीचे तेवढ्यात वजा करा. मी ७८ च्या पुढे जाणार नाही.

रो-हाऊसचा हिशेब मात्र नीट बघा, कारण ते स्वस्त वाटतंय. बांधकाम १४०० गुणिले २१००, २९.४ लाख. ६८ मधून वजा केले तर जमिनीला उरले ३८.६ लाख, आणि जमीन फक्त ८०० फूट. म्हणजे फुटाला ४८०० च्या वर. मंडोळी रोडला ए खात्याची जमीन ३३३३ ने जातेय. काळ्या जमिनीवरच्या, ११बी कागदाच्या, नाल्याकडच्या प्लॉटला तुम्ही दीडपट दर देताय. नव्या रंगाखाली तो दिसत नाही एवढंच.

पुण्यातला बेळगावकर

हा हिशेब बघितल्यावर माझं म्हणणं मागे घेतो. शहर वाढतंय हे खरं, पण त्या वाढीचा किती भाग ४० लाखांच्या प्लॉटमध्ये आधीच आलाय, याचा मी विचार केला नव्हता. तरी एक सांगेन, ७८ वर अडून दोन लाखांसाठी घर सोडू नका. सगळे मिळून वीस वर्षं राहणार आहात.

उद्यमबाग दुसरी पाळी

कर्जाचं सांगतो, गेल्या वर्षी मीच या फेऱ्या मारल्यात. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक ८० टक्क्यांपर्यंत देते, पण ते ८० टक्के तुमच्या ठरलेल्या किमतीचे नव्हेत. ठरलेली किंमत आणि त्यांच्या माणसाने काढलेलं मूल्यांकन, यातलं जे कमी असेल त्याचे. मूल्यांकन ७४.५ आलं तर कर्ज ५९.६ लाख. वरचा सगळा पैसा खिशातून.

त्यावर मुद्रांक ५ टक्के, मुद्रांकावर १० टक्के उपकर आणि शहरात २ टक्के अधिभार, म्हणजे एकूण ५.६. नोंदणी शुल्क ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ चं २ टक्के झालंय. बरेच जण अजून जुना आकडा धरून बसतात आणि ऐनवेळी पळापळ होते. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापून भरायचा असतो. तो मालकाच्या पैशातून जातो, पण भरायची जबाबदारी तुमची.

शिवारकाठ

रो-हाऊस सोडलंत तर मला बरं वाटेल. तुमच्यासाठी तर आहेच, त्या जमिनीसाठीही.

अनगोळकर (धागाकर्ता)

रो-हाऊस सोडलं.

मंडोळी रोडचे मालक बेंगळूरहून आले होते. गुरुजींच्याच घरी बसलो. हिशेबाचा कागद मी त्यांच्यासमोर ठेवला, काही लपवलं नाही. सुरुवातीला ते नाराज झाले, कारण घर बांधताना त्यांनी सागवानी दारांवर आणि स्वयंपाकघरावर मनापासून खर्च केलाय. बाबांनी ती दारं हाताने चाचपून बघितली आणि म्हणाले, "काम चांगलं केलंय तुम्ही." त्यानंतर बोलणं सोपं झालं. ८५, मग ८०, आणि शेवटी ७७.५ लाखांवर ठरलं. पश्चिमेच्या भिंतीचं काम ते नोंदणीआधी स्वतःच्या खर्चाने करून देणार, हे संचकारपत्रात (विसाराच्या करारात) लिहून घेतलंय. पत्र वकिलांनी दोन्ही भाषांत वाचून दाखवलं, बाबांनी चष्मा लावून मराठी प्रत स्वतः परत वाचली आणि मगच सही झाली.

मुद्रांक ४.३४ लाख, नोंदणी १.५५ लाख, म्हणजे ५.८९ लाख वेगळे काढून ठेवलेत. बँकेचं मूल्यांकन ७४.५ च आलं, त्यामुळे घरातून एकूण २३.७९ लाख लागतील. आईच्या पाटल्या मोडाव्या लागणार नाहीत.

ईसीवर मालकाच्या जुन्या गृहकर्जाचा बोजा अजून दिसतोय. कर्ज फिटलंय, पण तो उतरवलेला नाही. ते काम त्यांनी लावलंय. पितृपक्ष संपेपर्यंत तो उतरला तर घटस्थापनेच्या आठवड्यात नोंदणी करायची.